निंबावरची गुळवेल

कंपनीत परमिटवर सही झाल्याशिवाय मी साध्या व्हॉल्व्हलाही हात लावत नाही. कुरकुंभच्या केमिकल प्लँटवर इतकी वर्षं काढली ती याच शिस्तीवर. घरात मात्र नको तो शहाणपणा केला.

बायकोला उजव्या डोळ्यानं अंधुक दिसू लागलं. कुंकू फिकं, गुलाबी दिसतं म्हणाली. मग पायांना मुंग्या. पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कुंपण असतं. तिच्या शरीराचे राखणदारच ते ओलांडून आत शिरलेत आणि नसांवरचं आवरण कुरतडताहेत. "त्यांचा जोर कमी करायचं औषध देतोय," ते म्हणाले.

मला ते काही पटेना. प्रतिकारशक्ती कमी करायची? करोनात तर अख्खं गाव ती वाढवायला काढे पीत होतं! निमोण्याला सासऱ्यांच्या बांधावर कडुनिंबावर चढलेली गुळवेल आहे, आणि निंबावरची सगळ्यात गुणकारी. सासरे म्हणाले, "पाव्हणं, डॉक्टरला कशाला इचारायचं? झाडपालाच तर हाय." मलाही तेच ऐकायचं होतं. सुट्टीला जाऊन वेल आणायचो आणि रोज शिफ्टला निघण्याआधी काढा उकळून द्यायचो. ती नाक दाबून प्यायची. माझा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा.

तिसऱ्या महिन्यात तिच्या हातातून पिठाची परात निसटली. त्याच आजाराचा दुसरा झटका.

"आणखी काही घेता का? काढा, गुळवेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. पटकन आणि ठाम.

मला पाठीशी घालत होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. "त्यानंच झालं असं सांगता येणार नाही," म्हणाले. "पण आम्ही ज्यांना झोपवतोय, त्यांना तुम्ही जागं करायला बघत होतात. आजच बंद करा."

बाहेर आल्यावर मी उलटा तिच्यावरच चिडलो. "खोटं कशाला बोललीस?"

"तुमाला बोलणी बसली असती. आन् तुम्ही किती मनापासून करत व्हता."

काढा बंद झाला. आता सकाळी निघताना मी तिला डावा डोळा झाकायला लावतो आणि कुंकवाचा करंडा समोर धरतो.

"कसं दिसतंय?"

"लाल. जावा आता, बस चुकंल."

पाटसहून कुरकुंभपर्यंत बसमध्ये मी तो एकच शब्द घोळवत बसतो. डॉक्टरांपुढंही ती अशीच बोलली होती, पटकन आणि ठाम.