तांदळात लिहिलेलं नाव

सुभद्रावहिनी भित्र्या नाहीत. नवरा, मानाजीभाऊ, चोवीस वर्षं फौजेत. तेवढा काळ त्यांनी धारचं घर एकटीने चालवलं, सासूचं दुखणं काढलं, छपरावर चढून कौलंसुद्धा बदलली. पण त्या दिवशी पेन्शनच्या दफ्तरात बाकावर बसून त्या नुसत्या पदराचं टोक पिळत होत्या. शेजारीण म्हणून मी सोबत गेले होते.

मानाजीभाऊ चैत्रात गेले. मूलबाळ नाही. फौजेच्या कागदात त्यांची बायको इरावती, आणि आधार कार्डावर माहेरचं नाव, सुभद्रा. आपल्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे साहेबाला काय ठाऊक? त्याला वाटलं, बायका दोन! म्हणाला, "माँजी, शादी में जो घर का आदमी था, उसे लाइए।"

असं एकच माणूस उरलेलं, देवासची नणंद सरला. आणि तिने तर धारच्या घरासाठी वहिनींवर केस टाकलेली. वहिनी बायको ठरल्या नाहीत, तर पेन्शन बुडणार आणि घरही आयतं सरलाच्या पदरात पडणार. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

वहिनींच्या निरोपावरून त्या दिवशी सरला आली. वहिनींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. साहेबाने विचारलं, "सुभद्रा और इरावती एक ही औरत है?"

सरलाने समोरचा कागद ओढून वाचायला घेतला. साहेबाने पुन्हा विचारलं. तरी तिची नजर कागदावरच. उठून तिला गदागदा हलवावं असं मला वाटलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते.

"एक ही है," सरला शेवटी म्हणाली. "ये नाम मैंने ही रखा था। भाई को कुछ सूझ ही नहीं रहा था।"

तिने सही केली आणि तरातरा बाहेर पडली. वहिनींनी पायरीवर तिला गाठलं, हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"केस मी सोडणार नाही, वहिनी. तारखेला या. पण तुम्ही त्याची बायको नव्हतात असं मी म्हणू? मग दादा दर सुट्टीत धावत कोणाकडे यायचा?"

मानाजीभाऊ गेल्यापासून वहिनी रडल्या नव्हत्या. त्या तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडल्या. सरलाला देवासची बस धरायची होती. पण वहिनी शांत होईपर्यंत ती हलली नाही.