पूल खुला करण्यात आला

महिना संपत आला की आमच्या मामाचं पोट बिघडतं. अठ्ठावीस तारखेला सुरू होतं आणि एक तारखेला सकाळी कार्यवृत्त घरोघरी पोहोचलं की थांबतं. डॉक्टर म्हणतात, आम्लपित्त. मी म्हणते, मंत्रीसाहेब.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, त्यामुळे तो आमच्याकडेच असतो. पूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. साहेब तेव्हा मंत्री नव्हते, साधे नगरसेवक होते आणि पत्रकं छापायला तिथे यायचे. मामाने एकदा त्यांच्या पत्रकातली सात वाक्यं न विचारता बदलली. साहेब रागावतील म्हणून मालकाचं धाबं दणाणलं. साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हा माणूस मला द्या." पुढे छापखाना बंद पडला, साहेब मंत्री झाले आणि मामा त्यांच्या संपर्क कार्यालयात खिडकीशेजारच्या टेबलावर बसला. त्याला आता अठरा वर्षं झाली.

काम एकच. दर महिन्याचं कार्यवृत्त. चार पानं, बारा हजार प्रती, पहिल्या पानावर साहेबांचा फोटो. महिनाभरात साहेबांनी काय काय केलं ते सगळं त्यात असतं. कुठे दिवे बसवले, कुठे रक्तदान शिबिर घेतलं, कुठे ज्येष्ठांसाठी बाकडी ठेवली. एक तारखेला ते वर्तमानपत्रात घालून वाटतात. प्रत्येक कार्यक्रम 'उत्साहात पार पडला' असतो, म्हणून वस्तीतले लोक मामाला पारपडले म्हणतात. पोरं तर तोंडावर म्हणतात. तो चिडत नाही. "वाक्यात चूक आहे का? नाही ना? मग झालं," एवढंच म्हणतो.

खरी मेख तारखेत होती. छापायला तीन दिवस लागतात. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतले कार्यक्रम मामाला आधीच लिहावे लागायचे, आणि तेही भूतकाळात. साहेबांच्या पीएला तो दोनदा फोन करायचा.

"ठरलंय ना?"

"ठरलंय हो, मामा."

"नक्की?"

"नक्की."

मग तो चष्मा पुसायचा आणि न झालेला कार्यक्रम पार पाडायचा. एकदा वृक्षारोपण आयत्या वेळी रद्द झालं. पण छापून आलेलं होतं! दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या लोकांनी भर उन्हात चाळीस खड्डे खणून झाडं लावली. असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी घटनाच धापा टाकत यायची आणि मामाच्या वाक्याला गाठायची. जेवताना तो हे किस्से सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. सगळ्यात जास्त मीच हसायचे, हे इथेच कबूल करते.

स्वतः मात्र तो एकाही कार्यक्रमाला जायचा नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, "गेलो की लिहिलेलं आणि झालेलं शेजारी शेजारी दिसतं. मग रात्री झोप लागत नाही."

आमच्या वस्तीच्या आणि शाळेच्या मध्ये एक नाला आहे. त्यावरचा छोटा पूल तीन वर्षांपूर्वी वाहून गेला. तेव्हापासून पोरं मोठ्या रस्त्याने वळसा घालून जातात. त्या रस्त्यावर डंपर कसे चालतात ते मी काय सांगू? माझी मुलगी चौथीत आहे. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. रोज सकाळी मामा तिला कोपऱ्यावर हात धरून रस्ता ओलांडून देतो, तरी ती शाळेत पोहोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. साहेबांनी नवा लोखंडी पूल मंजूर केला तेव्हा मी स्वतः जाऊन त्यांना नमस्कार करून आले.

पूल पूर्ण होत आला. उद्घाटन तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता ठरलं. मामाने नेहमीप्रमाणे दोनदा विचारून घेतलं आणि लिहिलं, 'नाल्यावरील पादचारी पूल नागरिकांसाठी खुला करण्यात आला. विद्यार्थ्यांची रोजची पायपीट थांबली.' ही बातमी बारकीची होती, म्हणून त्याने ती तिला आधी वाचून दाखवली. तिने सुचवलं, "आता उशिरा उठलं तरी चालेल, असंही लिहा ना, आजोबा." तो म्हणाला, "सरकारी वाक्यात ते बसत नाही गं."

तीस तारखेला दुपारी साहेबांना राजधानीतून तातडीचं बोलावणं आलं. उद्घाटन पुढे गेलं. पीएने मांडववाल्याला कळवलं, माइकवाल्याला कळवलं, खुर्च्यावाल्याला कळवलं. मामाला कळवायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मामाचं काम आधीच झालेलं होतं ना.

एक तारखेला सव्वासहाला वर्तमानपत्र आलं. त्यातून कार्यवृत्त काढून मामा बोट फिरवत वाचत बसला. बारकीने एक प्रत मैत्रिणींना दाखवायला दप्तरात कोंबली आणि रोजच्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा, उड्या मारत निघाली. डंपरचा रस्ता सुटला म्हणून मीही खूश होते. दारातून ओरडले, "पुलावरूनच जा गं!" ते शब्द आठवले की अजून अंगावर काटा येतो.

ती गेल्यावर पाच मिनिटांनी पीएचा फोन आला. मामाचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं.

"मामा, पुढच्या अंकात पुलाचं परत टाकावं लागेल. काल उद्घाटन झालंच नाही."

"म्हणजे पूल सुरू नाही?"

"छे! इंजिनीअर बाई म्हणाल्या, पलीकडच्या टोकाचे नट आवळायचे राहिलेत. आठवडाभर कुणालाही सोडू नका म्हणाल्यात. पत्रा आडवा लावलाय, वॉचमन बसवलाय. तुम्ही काही काळजी करू नका."

मामाने फोन बंद केला नाही, नुसता टेबलावर ठेवला. पलीकडून पीए हॅलो हॅलो करत होता. मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगी गेली ना?"

मी स्कूटरची किल्ली उचलली. मामा फोन खिशात कोंबून, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात स्वतःची घालून मागे बसला. एरवी तो वीसच्या वर जाऊ देत नाही, मागून सतत 'हळू, हळू' चालू असतं. त्या दिवशी 'पळव' म्हणाला. पुढे पूर्ण रस्ताभर एकच वाक्य, "वॉचमन आहे. वॉचमन आहे. तो सोडणार नाही."

पत्रा पुलाच्या तोंडाशी नव्हता. नीट उचलून कडेला झाडाला टेकवून ठेवला होता. पुलावर वीसेक माणसं असतील. दप्तरवाली पोरं, त्यांना सोडायला आलेले आईबाप, सायकल हाताने ढकलत चाललेला एक दूधवाला. लोखंड वाजतंय म्हणून पोरं मुद्दाम पाय आपटत होती. वॉचमन स्टुलावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर कार्यवृत्त होतं.

"पत्रा कोणी काढला?" मी ओरडले.

तो उठून उभा राहिला. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचा आनंद. "मीच काढला, ताई. काल मला म्हणाले, बंद ठेव. पण हा कागद आजचा आहे. साहेबांचा फोटो आहे वर. मग मी कशाला लोकांना अडवू?"

मामा पुलाच्या तोंडाशी जाऊन हात पसरून उभा राहिला. "थांबा! मागे फिरा सगळे!" त्याचा आवाज आधीच बारीक, तो लोखंडाच्या खणखणाटात कुणाला ऐकू जाणार? मुलाचं बोट धरून आलेल्या एका गृहस्थाने कार्यवृत्त त्याच्या नाकासमोर धरलं. "अहो, खुला झालाय. वाचलं नाही का?"

"वाचलंय," मामा म्हणाला. "मीच लिहिलंय ते. खोटं आहे."

"काय पारपडले, सकाळी सकाळी चेष्टा करता?"

मामाने त्याच्या हातातला कागद घेऊन टराटरा फाडला. साहेबांच्या फोटोसकट. मग लोक गप्प झाले. मामा म्हणाला, "पलीकडचे नट आवळलेले नाहीत. मी न बघता लिहिलं. आता कुणी पळू नका. एकेक जण, चालत, माझ्याकडे या."

बारकी सगळ्यात पुढे होती. पलीकडचं टोक तिच्यापासून दहा-बारा पावलांवर. आम्हाला पाहून ती हात हलवायला लागली. मी जिवाच्या आकांताने हाक मारणार तेवढ्यात मामाने माझं मनगट धरलं. "ओरडू नकोस. ती पळेल." मग तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "बारके, मी चुकीचं लिहिलंय. चालत मागे ये, बाळ."

ती थांबली. तिच्या शेजारी दोन मैत्रिणी होत्या आणि त्यांच्या हातात तिनेच दिलेला कागद होता. तिचा चेहरा उतरला. मग तिघी परत यायला लागल्या. मी फक्त तिचे पाय बघत होते. ते पुलावरून उतरून मातीवर आले तेव्हा मला रडू फुटलं. तशीच रडत रडत मी मामाला काय काय बोलले!

वॉचमनने पत्रा परत लावला. अर्ध्या तासाने इंजिनीअर बाई आल्या. त्या मोठ्या रस्त्याने पलीकडच्या टोकाला जाऊन आल्या होत्या. त्यांनी मूठ उघडली. आत दोन नट होते. "हे पान्याशिवाय निघाले," त्या म्हणाल्या. "नुसत्या बोटांनी." वॉचमन स्टुलावर बसायला गेला आणि मातीतच बसला.

मला वाटलं, आता लोक मामाला बदडणार. तसं झालं नाही. आधी एकाने कार्यवृत्त उघडलं, मग दुसऱ्याने, आणि सगळे त्या कागदाभोवती जमून एकमेकांना विचारायला लागले.

"हे दिव्यांचं?"

"खरं आहे. आपल्या गल्लीतले मी पाहिलेत."

"आणि बाकडी? दहा लिहिलीत."

"सहा आहेत."

"रक्तदान?"

"झालं म्हणतात."

मामाच्या खिशात फोन वाजत होता. पीएचाच असणार. थांबायचा, पुन्हा वाजायचा. मामाने हात लावला नाही.

गर्दीतून एक आजी पुढे आल्या. त्यांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "दवाखान्यात संध्याकाळीही डॉक्टर बसायला लागले, असं लिहिलंय तुम्ही. माझ्या नवऱ्याला एकटीने आणायची ताकद नाही माझ्यात, मुलगा कामावरून संध्याकाळी येतो. आज आणू का त्यांना?"

मामाने कागद हातात घेतला. स्वतःचंच वाक्य बोट फिरवत वाचलं. एकदा, मग पुन्हा. मी त्याच्या शेजारी उभी होते.

"आजी, मला माहीत नाही," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी लिहिलंय. पाहिलं नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "चला, आत्ता जाऊन विचारू. तुम्हाला घरापर्यंत सोडतो परत."

दवाखाना नाल्यापलीकडे, शाळेच्या पुढे आहे. आम्ही चौघं मोठ्या रस्त्याने निघालो. आजी, मामा, मी आणि बारकी. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबलो, तेव्हा मामाने रोजच्या सवयीने हात मागे केला. बारकीने तो पाहिला. मग तिने माझा हात धरला.