तिसरं बाक

ट्राउटे मीलकेच्या कपाटात स्वतःचे कपडे कमी आणि लोकांच्या मुली जास्त, असं गावात म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं. लग्नाआधी गेलेल्या मुलामुलींसाठी ब्रांडेनबुर्गच्या त्या खेड्यात पूर्वी नवरीचा असावा तसा मुकुट करीत. तारेचा, कागदी फुलांचा, काचमण्यांचा. दफन झालं की तो चर्चच्या भिंतीवर, घरच्यांच्या बाकाच्या वर लागे, खाली नावाची फळी. लूथरच्या पंथातल्या माणसांना कॅथलिकांसारखी मेलेल्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, म्हणवून घ्यायची सोय नव्हती. आयांनी ही वाट काढली होती.

पुढे चर्चला नवा गिलावा करायचं निघालं, तेव्हा त्या वेळच्या पाद्रींनी ही 'धुळीची घरटी' जाळून टाकायला सांगितली. ट्राउटे तेव्हा तिशीची. झाडलोट आणि किल्ली तिच्याकडे. तिने मुकुट धुण्याच्या टोपलीत भरले, वर चादर पसरली आणि भर गावातून घरी आणले. प्रत्येकाला केकवर ठेवायचं एकेक घुमटासारखं झाकण मिळालं. ज्याच्या त्याच्या घरून ती मागून आणली होती, आणि एकही परत केलं नाही.

"एवढे मुकुट जमवलेस, एखादा घालून तरी बघ," बेकरीवाली म्हणायची.

"आधी नवरा दाखव, मग डोकं पुढे करते."

नवरा आला नाही. मुकुट मात्र राहिले. शहरातल्या संग्रहालयातून डॉक्टर इम्के रेंट्स येऊ लागल्या, तेव्हा साठीतल्या ट्राउटेने त्यांच्याकडून धुळीवर फुंकर कशी घालायची, फाटकी पाकळी कशी सांधायची हे धडे शाळकरी पोरीसारखे गिरवले. शेवटी चर्चमधल्या ऑर्गनच्या माडीवर काचेचं कपाट उभं राहिलं. रविवारी प्रदर्शन उघडायचं होतं.

गुरुवारी शेजारची लिंडे काठी आपटत आली.

"एल्सबेटला खाली आण."

एल्सबेट म्हणजे लिंडेची थोरली बहीण. युद्धानंतरच्या हिवाळ्यात टायफसने गेली. कागद मिळत नव्हता, म्हणून मैत्रिणींनी साखरेच्या निळ्या पिशव्या कापून फुलं केली होती. सगळ्यांत देखणा मुकुट तोच.

"चष्मा लाव, लिंडे. पहिल्या रांगेत मधोमध ठेवलीय तिला."

"दुकानातल्या टोपीसारखी! आमच्या बाकाच्या वर, भिंतीवर होती ती. प्रवचन लांबलं की बाबा तिच्याकडे बघत बसायचे. खाली आम्ही पाच, वर ती सहावी. तिथेच लाव, नाहीतर दे इकडे. मी घरी नेते."

"घरी कुठे? तुझ्या चुलीवर?"

"माझी बहीण आहे. तुझी नाही."

ट्राउटेने डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं.

डॉक्टरबाईंनी बाकामागच्या भिंतीला हात लावून पाहिला. "ओल आहे, आणि या खिडकीतून ऊन येतं. दोन उन्हाळ्यांत निळा रंग उडेल. पण माणूस लिंडेबाईंचं आहे, ट्राउटेबाई. मी नाही कशी म्हणू?"

ट्राउटे दुपारभर लिंडेच्या घराण्याच्या बाकावर बसून राहिली. वर खिळ्याचं भोक अजून दिसत होतं. ज्या निळ्याला ऊन लागू नये म्हणून एवढी वर्षं पडदा ओढून जगली, तो आता आपल्याच हाताने उन्हात टांगायचा? तिने बाकाच्या कडेवरून हात फिरवला. हे तिसरं बाक खांबाच्या आड, म्हणून आखूडच केलेलं. तिने डोळ्यांनी माप घेतलं, मग माडीच्या जिन्याकडे पाहिलं.

तिने अग्निशमन दलाच्या प्रमुखाला फोन लावला.

"आग कुठे लागलीय?"

"लिंडेच्या डोक्यात. चार जण पाठव."

जिन्याच्या वळणावर बाक अडकलं. पोरांनी तोंडाने काय काय म्हटलं ते चर्चमध्ये म्हणू नये असं होतं. पाद्रीबाई धावत आल्या. "अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर समिती बसली असती. त्यापेक्षा बाक बसलेलं बरं."

रविवारी लिंडे एकेक पायरी धापा टाकत चढली. काचेसमोर आपलं बाक पाहून थबकली. खालून हात घालून लहानपणी कोरलेली खाच चाचपली, आणि कडेला, बाबांच्या जागेवर बसली.

"बोटभर डावीकडे हवी ती," ती म्हणाली.

ट्राउटेने सगळ्या पाहुण्यांसमोर कुलूप काढलं, मुकुट बोटभर सरकवला.

लिंडेने मान वर केली. मग शेजारची जागा हाताने थोपटत म्हणाली,

"बस. आता लांबू दे प्रवचन."