दादाच्या नावाने आलेला मेसेज

आई गेली तेव्हा दादा मस्कतहून येऊ शकला नाही. तो तिथे हॉटेलात स्वयंपाकी आहे. रजा मिळाली नाही म्हणाला. मी फोनवर तोडून बोलले, "आता येऊच नकोस." त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. वहिनीकडून खुशाली कळायची, तेवढीच.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भाईंदर पूर्वेच्या घरात मी कपड्यांच्या घड्या घालत होते. फोनवर मेसेज आला. दादाच्या अकाउंटवरचा फोटो आणि खाली हिंदीत, "हॅलो सिस, कैसी हो?"

मी कपडे तसेच टाकून लिहीत बसले. आईच्या वर्षश्राद्धाचं, माझ्या नोकरीचं, किती काय काय. हिंदीचं थोडं खटकलं, पण इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर माणसाची भाषा बदलते, अशी मीच समजूत घातली. उत्तरात लिंक आली. एक कंपनी क्रिप्टो वाटतेय, जेवढे कॉइन पाठवशील त्याच्या दुप्पट तासाभरात परत, मला मिळाले, आज शेवटचा दिवस.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने घेतलेले थोडे कॉइन माझ्याकडे होते. नाही म्हटलं तर दादा पुन्हा दुरावेल, या भीतीने मी कॉइनचं ॲप उघडलं. पण आधी त्याचा आवाज ऐकायचा होता. त्याच अकाउंटवर कॉल केला, तो कापला गेला. "मीटिंग में हूं."

भटारखान्यात कसली मीटिंग? मी विचारलं, "लहानपणी तू मला सायकलवर बसवून उत्तनला काय आणायला न्यायचास?"

"सिस, टाइम मत गंवाओ. बीस मिनट बचे हैं."

आम्ही सुकट आणायला जायचो. दादा ते विसरणं शक्यच नव्हतं. मी ॲप बंद केलं. कॉइन वाचले, पण दादा हातात येऊन निसटल्यासारखं वाटलं, आणि मी रडले.

मग वहिनीकडून त्याचा आताचा नंबर घेऊन खरा फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज.

"बाय?" फक्त दादाच मला असं म्हणतो.

मी सगळं सांगितलं. त्याने घाईने विचारलं,

"तू पाठवलं नाहीस ना?"

"नाही."

"मी पाठवलं. त्याच लिंकवर पासवर्डही टाकला, म्हणून अकाउंट गेलं. लाजेने कोणाला बोललो नाही." मग हळूच म्हणाला, "दुप्पट झाले की तिकीट काढून तुझ्याकडे येणार होतो."

"दादा, फुकट वाटणारा आधी आपल्याकडून कशाला मागेल?"

"तेव्हा तेवढंच सुचलं नाही गं."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. दादाने आपली फसवणूक स्वतःच्या तोंडाने सांगितली.

तो अजून आलेला नाही. सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल करतो, फोन खिडकीकडे धरायला सांगतो. खाली भाजीवाल्याशी कोणीतरी हुज्जत घालत असतं. इथला तो आवाज दादा ऐकत राहतो.