पेटीवरची पदवी

काल फाटकाला ऑइलपेंट लावला आणि त्या वासासरशी मला भिवंडीतली माझी पत्र्याची पेटी आठवली. मी समुद्राकाठच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला निघाले होते. वडिलांनी ट्रक रंगवणाऱ्या सलीमचाचांना पेटीवर माझ्या नावापुढे चक्क 'बी.ए.' लिहायला लावलं.

"मास्तर, अभी तो गई भी नहीं," चाचा हसले.

"तुम्ही लिहा. रंग सुकेपर्यंत होईल पास."

मी शरमेने अंगणात येरझारा घालत होते. तेवढ्यात आत्या आली. "पोरीला एवढ्या लांब कशाला धाडतोस? अजूनही नाही म्हण."

"आता कसं म्हणू? पेटी रंगवून झाली."

तेव्हा मला तो निव्वळ बडेजाव वाटला. आज वाटतं, ऐनवेळी आपल्याच तोंडून 'नको जाऊस' निघेल, याची त्यांना धास्ती होती.