तेराव्या मजल्याचं भाडं

बोरीवली पूर्वेला आमची बैठ्या चाळींची वस्ती होती. ती पाडून तिथे पुनर्वसनाची इमारत झाली आणि चिठ्ठीत आम्हाला सगळ्यात वरचा, तेरावा मजला लागला. देखभालीचे पैसे बऱ्याच घरांतून यायचे नाहीत, सामाईक मीटरचं बिल थकायचं, म्हणून कमिटीने लिफ्टला कुलूप लावलं. कुणी फार आजारी पडलं किंवा कुणी गेलं, तरच ते उघडायचं. बाबांचे गुडघे गिरणीतच गेले होते. ते घरात बसून असायचे.

समोरच्या घरात एक बाई भाड्याने राहायला आली. बाबांसारखीच मालवणकडची, नवरा वारलेला, एक शाळकरी मुलगी. मागच्या टॉवरमधल्या घरांत ती पोळ्या करायची. एवढे जिने चढायला कुणी तयार नसे, म्हणून वरच्या मजल्यांचं भाडं कमी, आणि तेवढंच तिला परवडायचं. दुपारी दार उघडं टाकून ती बाबांशी मालवणीत गप्पा मारायची. मी अंधेरीला ऑफिसात. बाबांचं दिवसभराचं बोलणं तेवढंच.

मग एका संस्थेने आमच्या गच्चीवर सोलर बसवून द्यायचं ठरवलं. बिल उतरलं तर लिफ्ट चालू ठेवता येईल, असा विचार. पार्किंगमध्ये मीटिंग झाली. भाडेकरूंना मत नव्हतं. ती मागे उभी राहून ऐकत होती. वर येताना जिन्यात मला म्हणाली, "बरा झाला गो. काकांका आता खाली जावूक गावतला."

पॅनेल बसले. धूळ साचली की वीज कमी होते, म्हणून ते धुवायचं काम गच्चीजवळ राहणाऱ्यांकडे आलं, म्हणजे आम्हा दोघींकडे. रविवारी पाइप घेऊन आम्ही वर जायचो. बिल खरंच उतरलं, कुलूप निघालं. बाबा संध्याकाळी खाली बाकावर बसायला लागले.

पावसाळ्यानंतर तिचा घरमालक आला. तो दहिसरला राहायचा, भाडं मोबाइलवर घ्यायचा, वर कधी फिरकायचा नाही. या वेळी लिफ्टने आला. खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं बघितली आणि दारातच उभा राहून म्हणाला, "करार संपतोय. आता भाडं वाढवावं लागेल. लिफ्ट आहे, हवा झकास आहे, लोक मागतायत."

"पण ते पॅनेल मी धुते," ती म्हणाली.

"ते सोसायटीचं आहे ना. माझा काय संबंध?"

आवाज ऐकून बाबा बाहेर आले. "अरे, एकटी बाई आहे. जरा समजून घे."

"काका, तुमचं स्वतःचं घर आहे. लिफ्टने तुमचा फायदाच झाला. मग माझा झाला तर काय बिघडलं?"

बाबा आत जाऊन बसले. तो खोटं बोलत नव्हता.

मी सेक्रेटरींना भेटले. ते म्हणाले, "कुणी किती भाडं घ्यायचं हे कमिटी कशी सांगणार गं?" तोवर भाडं वाढलं म्हणून अकराव्या मजल्यावरचे भाडेकरूही गेले होते. महिनाअखेर तिने नालासोपाऱ्याला खोली बघितली आणि एका टेम्पोत सामान भरून ती गेली. तिच्या जागी एक जोडपं आलं, दोघंही एअरपोर्टवर कामाला. भेटले की हसतात. त्यांचं दार बंद असतं.

टॉवरमधल्या घरांना सकाळी लवकर डबे लागायचे. नालासोपाऱ्याहून एवढ्या लांब तिला तेवढ्या लवकर पोचणं जमेना. एकेक घर सुटत गेलं आणि तिने बोरीवलीला यायचं सोडलं.

पुढच्या गणपतीत तिचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. मुलीला तिथल्याच शाळेत घातलं होतं, ती स्वतः एका खानावळीत लागली होती. दिवसभर उभं राहावं लागतं, पण मालकीण बरी आहे म्हणाली.

"काका, जेवलात काय?"

"जेवलंय. तुझा बरा चाललाहा मा?"

"चाललाहा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ठेवतंय हां," म्हणून तिने फोन ठेवला.