उजेडातला पाट

फसली सन १३४७, म्हणजे इसवी १९३८, फाल्गुन वद्य तृतीया, सकाळी सात वाजता माझे पहिले लग्न लागले. नवरी रुईचे झुडूप होती. भोकरदन तालुक्यातील आमच्या गावात रीत अशी होती, की विधवेशी पाट, म्हणजे पुनर्विवाह, लावणारा पुरुष अविवाहित असेल तर त्याने आधी रुईशी लग्न करावे, लगेच ती रुई तोडावी आणि विधुर व्हावे. मग दोघे बरोबरीचे होतात. मी बांधावरच्या रुईला हळद लावली, सूत गुंडाळले. मामांनी विळा चालवला.

"गरीब व्हती बिचारी," मामा म्हणाले. "एक शब्द उलटून बोलली न्हाई. दुसरीचा भरवसा धरू नको, बाबा."

मी हसलो नाही. शाळूची काढणी नुकतीच उरकली होती आणि अंग मोडून आले होते.

दुसरी त्याच गावची. तरुणपणी तिच्याशीच माझी सोयरीक ठरली होती. हळदीच्या आधी माझे वडील वारले. घरात मयत झाले की वर्षभर लग्नकार्य नाही. तिच्या वडिलांनी वर्षभर थांबणे मानले नाही. तिला जाफराबादेकडे दिली. पुढे आईचे आजारपण, शेत आणि बैल यांत माझे लग्न राहून गेले. तिचा नवरा तापाने गेला. सासरच्यांनी तिला भावाच्या दारी आणून सोडले. तिथे ती पहाटे जात्यावर आणि दिवसा शेतात राबत असे. आई गेल्यानंतर मी तिच्या भावाकडे शब्द टाकला. ती हो म्हणाली, एवढे मला कळले. अधिक मी विचारले नाही.

पाट दिवेलागणीनंतर, अंधारात लावायचा. पाटाच्या दिवशी त्या बाईचे तोंड सवाष्णींनी पाहिले तर त्यांच्या कुंकवाला धोका, अशी समजूत होती. दुपारी तिचा भाऊ धापा टाकत आला.

"ती बसूनच राह्यली. म्हणती, दिवसा लावा, न्हाई तर लावूच नका."

"कारण?"

"म्हणती, मी काय चोरी करून राह्यले का?"

मी चावडीवर गेलो. पाटील आणि पंच ऐकेनात. तोड माझ्या आत्याने काढली. ती स्वतः विधवा. गावातले पाट तीच लावत असे.

"ह्याच्या घरी धान्याच्या बळदाची खोली हाय, तिथं भर दुपारी हाताला हात दिसत न्हाई," ती चावडीच्या पायरीशी उभी राहून म्हणाली. "कवाड लावलं की झाली रात. दिवस तिचा, अंधार तुमचा."

"बराबर," पाटील म्हणाले. "पन कवाड बिलकुल बंद पाहिजे."

उतरत्या उन्हात ती भावामागे, मधल्या आळीने, पायी आली. दारादारांतून बायका आत पळाल्या. तिने मान खाली घातली नव्हती. खोलीत धान्याचा वास कोंडला होता. आम्ही दोघे बसलो, समोर आत्या, पाटील आणि पंच भिंतीशी बसले, आणि कोणीतरी कवाड लावले.

ती उठून उभी राहिली.

"कवाड उघडा."

"ठरलंय ते," पाटील म्हणाले. "खाली बस, पोरी."

"अंधारातच बसायचं व्हतं तर भावाचं जातं काय वाईट व्हतं? मी जाते." मग थोडे थांबून ती म्हणाली, "माझं तोंड बघून कुणाचं वाईट व्हणार असंल, तर ते पहिलं ह्यांचं व्हईल. ह्यांना इचारा."

सारे माझ्याकडे वळले. अंधारात ते दिसले नाही, कळले. बोलण्याची मला सवय नव्हती. त्या कवाडाचा खालचा खुंट दगडातल्या खळग्यात फिरत असे. मी खांदा लावून कवाड वर उचलले, खुंट खळग्यातून काढला आणि फळी अंगणात भिंतीला टेकवली. ऊन थेट बळदापर्यंत आले. इतक्या वर्षांनी तिचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. तो थकलेला होता. माझाही तसाच असणार.

"मंग आम्ही इथं न्हाई," असे म्हणून पाटील उठले. पंच त्यांच्यामागे गेले.

आत्या उठली नाही. तिने नवरीच्या ओटीत नारळ घातला, कुंकू लावले आणि पाट लागला. मामा उंबऱ्याशी पाठ टेकून बसले होते.

"सांगितलं व्हतं ना," ते म्हणाले. "ही बोलंल."

जेवायला कोणी आले नाही. पंचांसाठी शिजवलेली लापशी बैलांपुढे ठेवावी लागली. मामा आणि आत्या घरी गेले. सूर्य मावळताना आम्ही दोघे ओसरीवर बसून होतो. 

"कुत्री धान्यात शिरतील," ती म्हणाली. "कवाड बसवा."

मी खळग्यातली माती बोटाने काढली. तिने एरंडेलाची वाटी आणून दिली. चार थेंब खळग्यात सोडून मी कवाड पुन्हा जागेवर बसवले.